युद्धातल्या शहरातली तान्ही बाळं: हा विषय अभ्यासाला घेणार असाल तर

हल्ली बरेच ज्युनिअर्स विचारतात, ताई पब्लिक हेल्थ करतेय, डिझर्टेशनला युद्ध आणि बाळांचं आरोग्य असं काहीतरी घ्यायचंय, कुठून सुरू करू? बातम्यांमध्ये इन्क्युबेटर बंद पडल्याचं, दूध पावडर संपल्याचं सारखं दिसतं, ते बघून हा विषय मनात येणं साहजिकच आहे. मी देवनारला शिकताना यावरच काम केलं होतं, तर त्यातून जे हाती लागलं ते लिहितेय.

पहिली गोष्ट, बॉम्बपासून सुरुवात करू नका. वेढा पडलेल्या किंवा धान्य तुटलेल्या शहरात तान्ही बाळं जास्त करून जातात ती कमी वजनामुळे, जुलाबाने, न्यूमोनियाने, थंडीने. म्हणजे शांततेच्या काळात ज्याने जातात त्यानेच, फक्त सगळं एकदम आणि कितीतरी जास्त प्रमाणात. त्यामुळे आधी आईच्या ताटात काय होतं, पाणी कुठून येत होतं, खोली उबदार होती का, हे शोधायचं.

लेनिनग्राडपासून (रशियातलं आजचं सेंट पीटर्सबर्ग) वाचायला घ्या. सप्टेंबर १९४१ ते जानेवारी १९४४ जर्मन सैन्याचा वेढा होता आणि नोव्हेंबर १९४१ मध्ये काम न करणाऱ्यांचं आणि मुलांचं रेशन दिवसाला १२५ ग्रॅम पावावर आलं होतं, आणि तो पावसुद्धा भेसळीचा. तिथले डॉक्टर अंतोनोव्ह यांनी १९४७ मध्ये आपल्या प्रसूती विभागातल्या नोंदी छापल्या. १९४२ च्या पहिल्या सहा महिन्यांत बाळांचं सरासरी वजन ५०० ग्रॅमहून जास्त घसरलं आणि अपुऱ्या दिवसांची बाळंतपणं ४१ टक्क्यांवर गेली. पण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. वर्षाच्या दुसऱ्या अर्ध्यात वजनं सुधारलेली दिसतात, आणि घाईत वाचणारा म्हणतो चला परिस्थिती निवळली. रेशन थोडं वाढलं होतं हे खरं, पण उपासमारीने असंख्य बायकांची पाळीच थांबली होती, जन्म अगदी थोडे उरले होते, आणि ज्यांना दिवस गेले त्यात बऱ्यापैकी खायला मिळणाऱ्या बायका जास्त होत्या, म्हणजे आकडा सुधारला त्यात मोजायला कोण उरलं याचाही हात होता! हे एकदा नीट डोक्यात बसलं की युद्धातला कुठलाही आकडा तुम्ही वेगळ्या नजरेने बघाल.

मग नेदरलँड्स. १९४४-४५ च्या हिवाळ्यात ॲमस्टरडॅम, रॉटरडॅमकडे रेशन हजार कॅलरीच्याही खाली गेलं. ज्या आयांचे शेवटचे तीन महिने त्या उपासमारीत गेले त्यांच्या बाळांचं वजन साधारण ३०० ग्रॅमने कमी भरलं. आणि ज्यांचे फक्त पहिले महिने त्यात गेले त्यांची बाळं वजनाला ठीक होती, पण मोठेपणी त्यांच्यात हृदयविकाराचं प्रमाण जास्त निघालं. म्हणून नुसतं जन्माचं वजन बघून थांबू नका.

याच्या उलट इंग्लंड. इंग्लंड-वेल्समध्ये १९३९ मध्ये हजार जन्मांमागे ५१ बाळं वर्षाची व्हायच्या आत दगावत होती, १९४१ मध्ये ६०, आणि १९४५ मध्ये ४६. युद्ध चालू असताना कमी! १९४० पासून गरोदर बायका आणि लहान मुलांना स्वस्त किंवा फुकट दूध, नंतर कॉड लिव्हर ऑइल, संत्र्याचा रस. एकट्या त्यानेच झालं असं नाही, पण सरकारने ठरवलं तर बाळं वाचवता येतात हे यातून दिसतं आणि मला हे फार मोलाचं वाटतं.

आता आपली मुंबई, इथे खरं काम आहे. जुन्या नोंदींत १९२१ साली मुंबईत हजार जन्मांमागे साडेसहाशेहून जास्त बालमृत्यू दिसतात, वाचून हादरायला होतं. चाळीतली एकेक खोली, महागाई, गिरणीत जाताना बाळाला झोपवायला दिलेली अफूची बाळगोळी, हे सगळं खरंच होतं. पण आपल्याकडे बाळंतपण माहेरी किंवा गावी! कोकणात जन्मलेल्या बाळाचा जन्म मुंबईत नोंदला जात नाही, ते काही महिन्यांनी इथे येतं आणि दगावलं तर मृत्यू मात्र इथे नोंदला जातो. समजा १०० बाळं आहेत, त्यातली ४० गावी जन्मलेली, आणि मुंबईत २० गेली. खरा दर २००, कागदावर ६० जन्मांमागे २० म्हणजे ३३३. आता यात युद्ध घाला. १९४२ मध्ये जपानी हल्ल्याच्या भीतीने लोकांनी बायकामुलं गावी पाठवली, १९४३ मध्ये रेशनिंग आलं, एप्रिल १९४४ मध्ये गोदीतल्या स्फोटात धान्याची कोठारंसुद्धा जळाली, आणि युद्धाच्या कामासाठी माणसं शहरात येतच होती. जन्म आणि मृत्यू दोन्ही रकाने हलत असताना दर वाढला की घटला हे एका वाक्यात सांगणाऱ्यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

नुसत्या आकड्यांवर मात्र राहू नका, निदान काही आठवडे एखाद्या नवजात विभागात किंवा हेल्थ पोस्टवर सिस्टरांसोबत काढा. सायनच्या हॉस्पिटलात १९८९ पासून मातृदुग्धपेढी (दान केलेलं आईचं दूध साठवून गरजू बाळांना देणारी) आहे, आशियातली पहिली, परवानगी काढून बघून या. टेन्शनने आईचं दूध आटतं असं सगळे म्हणतात, पण ताणाने दूध उतरायला वेळ लागतो, बनणं सहसा थांबत नाही, आणि आईला आधार मिळाला, बाळ सारखं अंगावर पाजत राहिलं की येतं. हे माहीत नसल्याने संकटात सरसकट पावडरचे डबे वाटले जातात, पाणी घाण, उकळायला इंधन नाही, डबा पुरवायचा म्हणून पातळ केलेलं दूध, आणि मग जुलाब. अर्थात ज्या बाळाला आई नाही त्याला पावडर लागतेच, तिथे हट्ट नको. बाळाला छातीशी उघड्या अंगाने धरून ऊब देण्याची कांगारू पद्धत १९७८ मध्ये बोगोटात इन्क्युबेटर पुरत नव्हते म्हणूनच सुरू झाली, वीज गेलेल्या शहरात ती किती कामाची आहे ते एकदा डोळ्यांनी बघा.

कागदांसाठी काळा घोड्याजवळचं पुराभिलेखागार (जुन्या सरकारी कागदांचा संग्रह) आणि टाउन हॉलमधली एशियाटिक सोसायटीची लायब्ररी. महापालिकेच्या आयुक्तांचे वार्षिक रिपोर्ट मागा, एखादंच वर्ष नको, १९३८ पासून १९४७ पर्यंत सलग, नाहीतर युद्धाआधीचं काही कळत नाही. वॉर्डप्रमाणे तक्ते मिळाले तर आधी हे तपासा की हॉस्पिटलातला जन्म आईच्या घरच्या वॉर्डात धरलाय की हॉस्पिटलच्या, कारण मोठी प्रसूतिगृहं परळ-भायखळ्याकडे होती आणि तिथे नुसत्या जन्मांच्या संख्येमुळेच दर कमी दिसू शकतो.