आडव्या वाऱ्यातला जेट: बडोद्यातून सुरुवात करणाऱ्यांसाठी

कलाभवनात (बडोद्याच्या विद्यापीठाच्या इंजिनिअरिंग कॉलेजात) मेकॅनिकल शिकणारी दांडिया बाजार, रावपुऱ्याकडची मुलं प्रोजेक्टचा विषय विचारायला आली की मी आवर्जून हाच सुचवतो: आडव्या प्रवाहात सोडलेला जेट, म्हणजे भोकातून जोराने सुटणारी हवेची धार. टर्बाइनच्या पात्यावर पसरणारी थंड हवा, कम्बस्टरच्या (इंधन जळतं त्या कक्षाच्या) भोकांतून आत शिरणारी हवा, कोयली रिफायनरीकडे चिमणीतून निघून वाकणारा धूर, सगळा एकाच जातीचा प्रवाह. (धूर गरम असल्यामुळे तो वर उचलला जातो, तो हिशेब वेगळा.)

सॉल्व्हर (प्रवाहाची समीकरणं सोडवणारं सॉफ्टवेअर) उघडण्याआधी वही घ्या. जेटचा वेग भागिले वाऱ्याचा वेग, हे वेगगुणोत्तर काढा. घनता वेगळ्या असतील तर त्याऐवजी दोन्हीकडची घनता गुणिले वेगाचा वर्ग यांच्या गुणोत्तराचं वर्गमूळ घ्या. आता भोकापासून वाऱ्याच्या दिशेने अंतर आणि भिंतीपासून जेटची उंची, दोन्हींना 'वेगगुणोत्तर गुणिले भोकाचा व्यास' या लांबीने भागा. मग उंची म्हणजे अंतराचा एक घात गुणिले एक स्थिरांक. प्रयोगांतून आलेला स्थिरांक साधारण १.२ ते २.६ आणि घात ०.२८ ते ०.३४.

व्यास १० मिलिमीटर, वेगगुणोत्तर ४ धरू. भोकापासून ८० मिलिमीटरवर जेटची उंची सुमारे ६ सेंटीमीटरही निघते आणि १३ सेंटीमीटरही! कारण जेटचा मध्य कोणी जास्तीत जास्त वेगावरून ठरवतो, कोणी सांद्रतेवरून, म्हणजे जेटबरोबर आलेला पदार्थ कुठे सर्वांत दाट आहे त्यावरून. शिवाय भोकाशी वेगाची वाटणी आणि बाउंडरी लेयरची (भिंतीलगतच्या मंदावलेल्या हवेच्या थराची) जाडी प्रयोगागणिक वेगळी असते. त्यामुळे 'मार्ग जुळला' एवढ्यावर मॉडेल बरोबर आहे असं म्हणायला मी तयार नाही.

म्हणूनच भोकामागचा पाइपही मेशमध्ये (गणितासाठी जागेचे तुकडे पाडणाऱ्या जाळीत) घ्या. वेगगुणोत्तर कमी असलं की वाऱ्याचा दाब पाइपच्या आतपर्यंत पोचतो. भोकाच्या तोंडाशी सरसकट एकच वेग दिलात तर जेट पहिल्या व्यासापासूनच चुकतो.

भोवऱ्यांकडे मन लावून बघा. जेट वाकतो तसा त्याचा छेद मूत्रपिंडाच्या आकाराचा होतो आणि उलट दिशांनी फिरणारी भोवऱ्यांची जोडी दूरवर टिकते. मिसळण्याचं बरंचसं काम तीच करते. जेटच्या पाठीमागे भिंतीपासून उभे राहणारे भोवरे मला सर्वांत सुंदर वाटतात. फ्रिक आणि रोश्को यांनी १९९४ साली दाखवलं, की त्यांतलं फिरणं जेटमधून येत नाही, भिंतीच्या बाउंडरी लेयरमधून येतं. दंडगोलामागच्या भोवऱ्यांसारखे दिसले, तरी उगम निराळा.

सुरुवात के-एप्सिलॉनने (प्रवाहातल्या खळबळीची फक्त सरासरी धरणाऱ्या मॉडेलने) करायला हरकत नाही, पण ते मॉडेल आडवा पसारा कमी दाखवतं. टर्ब्युलंट श्मिट नंबर (खळबळीने वेग किती पसरतो आणि पदार्थ किती पसरतो यांचं गुणोत्तर) खाली ओढून सांद्रता जुळवता येते. तसं केलंत तर रिपोर्टमध्ये स्पष्ट लिहा. एलईएस (मोठे भोवरे थेट सोडवणारी पद्धत) जास्त विश्वासार्ह, पण भिंतीजवळची मेश फार बारीक लागते. गाइडकडे विषय पक्का करण्याआधी विभागातल्या मशीनवर किती तास मिळतील, तेवढं विचारून घ्या.