खरेदीची तयारी: आधी जुन्या सामानाचं बघा

गेल्या वर्षी आमच्या नाशिकच्या सरकारी कार्यालयात २२ संगणक आणि त्यांचे यूपीएस बदलायचं काम माझ्याकडे होतं. कमी वीज खाणारे, सुटे भाग मिळणारे, हमीचे, असे निवडून घेतले. जुन्या २२ संचांचं काय करायचं, याबद्दल मात्र नस्तीत, म्हणजे खरेदीच्या फायलीत, एक ओळही नव्हती. ते जिन्याखाली रचून ठेवले. पावसाळ्यात तिथे पाणी शिरलं, तडकलेल्या बॅटऱ्यांमधलं आम्ल आणि शिसं मिसळलेलं पाणी मागच्या गटारीत गेलं. ती गटार नासर्डी नदीला मिळते आणि नासर्डी गोदावरीला. माझ्या हातून झालं हे. यंदा ज्यांच्याकडे खरेदीचं टेबल आहे त्यांच्यासाठी म्हणून लिहिते आहे.

तरतूद, मागणीपत्रं, प्रशासकीय मान्यता हे तुम्ही करताच. मागणीपत्र आलं की इतर शाखांत तीच वस्तू पडून आहे का एवढं भांडारात विचारून घ्या.

आता जुनं सामान. नव्याची टिपणी लिहायच्या आधी डेडस्टॉक रजिस्टर, म्हणजे कार्यालयातल्या टिकाऊ सामानाची नोंदवही, उघडा. काय बदलणार, त्याची नोंद कुठे, किती वर्षं झाली, नादुरुस्तीचा दाखला आहे का, हे लिहून निर्लेखनाचा, म्हणजे वस्तू नोंदीतून काढून टाकण्याचा, प्रस्ताव आधी पाठवा. रजिस्टरमधला अनुक्रमांक वस्तूवर रंगवलेला नसतो, जुळवता जुळवता महिना जातो. समितीची बैठक, किमान किंमत, मंजुरी, सगळ्याला वेळ लागतो. आर्थिक वर्ष संपताना मार्चमध्ये सुरुवात केलीत तर नवा माल येईल आणि जुना जिन्याखाली जाईल.

तपशील ठरवताना पर्यावरणाची प्रत्येक अट तांत्रिक तपशिलातच घाला. पात्र पुरवठादारांत ज्याचा दर सर्वांत कमी, त्यालाच काम द्यावं लागतं. ‘शक्यतो वीजबचत करणारे’ असं लिहिलंत तर जास्त वीज खाणारा माल नाकारता येणार नाही. पंखे घेताना वॅट लिहा. साधा पंखा ७५ वॅटच्या आसपास खातो, बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, सुमारे ३०. रोज ८ तास, वर्षाला २५० दिवस धरले तर एका पंख्यामागे ९० युनिट वाचतात, ४० पंखे असले तर ३,६००. लेखाशाखेला हाच हिशोब दाखवा, किंमत जास्त का ते लगेच पटतं. एसी हवाच असेल तर स्टार लेबलवर ते कधीपर्यंत लागू आहे ते वाचा, कारण निकष मधूनमधून कडक होतात आणि गोदामातला जुना पाच स्टार आजचा पाच स्टार नसतो. एसीत थंडाव्यासाठी भरलेला गॅसही लिहा: आर-४१०ए ची तापमानवाढीची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या दोन हजार पटींहून जास्त, आर-३२ ची ६७५ पट. प्रिंटर आपोआप दोन्ही बाजूंनी छापणारा. कागदाचं वेगळं सांगायला नको.

आणि त्याच तपशिलात, त्याच निविदेत, जुनं सामान परत नेण्याची अट घाला. जेमवर, म्हणजे सरकारी खरेदीच्या ऑनलाइन बाजारात, बायबॅकची सोय आहे, ती वापरा. आदेश निघाल्यावर फोन करून विनंती केली तर कोणी येत नाही, मी सहा वेळा केली. ई-कचरा नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडेच जाईल आणि त्याचा दाखला मिळेल, असं स्पष्ट लिहा. २०२२ चे ई-कचरा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. त्यातली ‘बल्क कन्झ्युमर’ची, म्हणजे मोठ्या प्रमाणावर उपकरणं वापरणाऱ्या संस्थेची, व्याख्या हजार उपकरणांपासून सुरू होते, आपलं कार्यालय त्यात बसत नाही, असं कोणी सांगेल. व्याख्येत बसत नसलो तरी शिसं गटारीतून जातंच. बॅटऱ्यांना वेगळे नियम आहेत, म्हणून त्यांची ओळ वेगळी. जुन्या ट्यूबलाइटींत पारा असतो, त्या फोडू नका, खोक्यात ठेवा. भंगारवाल्याच्या टेम्पोत यातलं काहीही चढवू नका, शिपाई कितीही म्हणाला की ‘मॅडम, जागा मोकळी होते.’ हार्डडिस्क आधी कोऱ्या करून घ्या, त्यात लोकांची कागदपत्रं असतात.

माल आला की लेबल आणि वॅट तपशिलाशी ताडून बघा, थर्माकोल त्याच गाडीतून परत पाठवा. बैठकांसाठी बाटल्यांऐवजी स्टीलचे जग-पेले, फलक कापडी. बाकी नेहमीचंच.

बिलावर सही करण्यापूर्वी जिन्याखाली स्वतः जाऊन बघा. जुने संच गेलेत का? किती गेले, किती राहिले? बॅटऱ्या गेल्या का? दाखला नस्तीत लावा, रजिस्टरमधून नोंद कमी करा, मग बिल कोषागारात.