पितळी इंजिन घेण्याआधी वळण मोजा

नाशिकच्या भांडी बाजारात पितळ किलोवर मिळतं, पण मॉडेल रेल्वेतलं, एचओ मापाचं (खऱ्याच्या १:८७) हाताने जोडलेलं वाफेच्या इंजिनाचं पितळी मॉडेल वजनावर विकलं जात नाही. तिथे पैसे मोजायचे ते जपानी-कोरियन कारागिरांच्या डाखकामाचे आणि मोजक्याच नगांचे. चांगलं धावेल याची हमी त्या किमतीत नसते. कितीतरी स्वस्तातलं प्लास्टिकचं बरेचदा जास्त सुरळीत पळतं.

कपाटात ठेवायचं असेल तर प्रश्न फक्त खिशाचा. पळवायचं असेल तर आधी टेप काढा. चार बाय आठ फुटी प्लायवर फार तर २२ इंच त्रिज्येचं वळण बसतं, आणि बऱ्याच मोठ्या इंजिनांना ते पुरत नाही. जुन्या नगांत एका रुळाची वीज इंजिनातून आणि दुसऱ्याची टेंडरमधून (इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या डब्यातून) येते. घट्ट वळणावर दोघांचं पितळ एकमेकांना टेकलं की शॉर्ट!

जुनं घेताना विकणाऱ्याकडून दोन्ही दिशांना अगदी हळू चालतानाचा व्हिडिओ मागवा. उघडलेल्या खोक्याचा फोटोही. मी तो मागितला नव्हता. आतला जुना फोम चिकट होऊन बॉयलरवर बसला होता. आई म्हणाली, "चिंच-मीठ लाव, लख्ख होईल." तसं मात्र करू नका, वरचा लॅकर (पारदर्शक थर) निघून जातो.