अमेरिका समजून घ्यायची तर आधी पाद्र्याचा पगार बघा

अंबाजोगाईत संध्याकाळी मी बी.ए.च्या पोरांना राज्यशास्त्र शिकवतो. अमेरिका आली की प्रश्न ठरलेला: सर, तिथं चर्च आणि सरकार वेगळं, मग राष्ट्राध्यक्ष उठता-बसता देवाचं नाव का घेतो? गाइडमधलं उत्तर पाठ करू नका. असं करा.

आधी पैसा कुठून येतो ते बघा. वसाहतींच्या काळात बऱ्याच ठिकाणी पाद्र्याचा पगार करातून व्हायचा. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या जेफरसनने लिहिलेल्या व्हर्जिनिया राज्याच्या कायद्याने 1786 मध्ये चर्चसाठी कुणाकडून सक्तीने पैसे घ्यायचे नाहीत असं ठरवलं. 1791 च्या पहिल्या घटनादुरुस्तीने सरकारने कुठलाही धर्म अधिकृत करायचा नाही असं सांगून केंद्राचे हात बांधले, राज्यांचे नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये चर्चचा कर 1833 पर्यंत चालला. बरीच पोरं इथंच मार्क घालवतात.

पगार बंद झाला की माणसं जमवावी लागतात. आमच्याकडं सप्ताहाला गाव वर्गणी काढतं आणि ज्याच्या कीर्तनाला मंडप भरतो त्यालाच बोलावतं, तशातलाच प्रकार. 1801 मध्ये केंटकीतल्या केन रिजला हजारो लोक तळ ठोकून प्रवचनं ऐकत बसले. सांगणं काय, तर तुझा निर्णय तूच घे, आत्ता घे. बापाचा पंथ, बिशप, सरकार, सगळे मागे राहिले. ज्याला आपण व्यक्तिवाद म्हणतो तो असा चर्चमधूनही आला. म्हणून वहीत धर्म एका रकान्यात आणि व्यक्तिवाद दुसऱ्या रकान्यात मांडू नका.

आता केनेडीचं 1961 चं शपथविधीचं भाषण घ्या आणि पेन्सिल धरा. सुरुवातीलाच तो म्हणतो की माणसाचे हक्क सरकारच्या मेहेरबानीने नाही, देवाच्या हातून येतात. देवाखाली रेघ मारा, माणसाखाली मारा. मधून कोण गेलं? सरकार. हे वाक्य दोन्ही पक्षांना चालतं, हीच त्यातली गंमत.

कारण ‘हक्क देवाकडून येतात’ हे हत्यार एकच, वापरणारे वेगळे. मार्टिन ल्यूथर किंग बॅप्टिस्ट, म्हणजे एका प्रोटेस्टंट पंथाचे, पाद्री होते. त्यांनी नागरी हक्कांसाठी ते उचललं. जेरी फॉलवेलही बॅप्टिस्टच. त्यांनी 1979 मध्ये ‘मॉरल मेजॉरिटी’ ही राजकीय संघटना उभी केली, गर्भपाताला विरोध केला आणि 1980 च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत रेगनच्या मागे ताकद लावली. उत्तरात दोघंही पाहिजेत. एकालाच घेतलं तर ते प्रचाराचं पत्रक होतं.

टॉकव्हिल, म्हणजे अमेरिकेतल्या लोकशाहीवर पुस्तक लिहिणारा फ्रेंच लेखक, शेवटी टाका. सगळे त्याच्यापासूनच सुरू करतात, तपासणाऱ्याला कंटाळा येतो.