ऊन मळकट का दिसतं? इम्प्रेशनिस्ट पद्धतीचं शेत रंगवताना या चुका टाळा

शेतातलं ऊन चित्रात मळकट दिसायला लागलं की नवशिके पिवळा वाढवत जातात. दोष पिवळ्याचा नसतोच, बहुतेक वेळा सावलीचा असतो.

सावलीत काळा मिसळणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. काळ्याने हिरवा गडद होतो, पण मरतोही, आणि शेजारच्या उन्हाला उठाव द्यायला विरोधी रंग उरत नाही. उघड्या रानातल्या सावलीत थेट सूर्य पोचत नाही, आकाशाचा उजेड पोचतो. म्हणून ती निळसर दिसते. बदलत्या उजेडाचा क्षण टिपणाऱ्या इम्प्रेशनिस्ट पद्धतीचा फ्रेंच चित्रकार मोने. त्याच्या 'मॅगपाय' या चित्रात (1868-69) फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या एत्रेता गावाजवळच्या बर्फावर कुंपणाची सावली निळसर आहे. 1869 च्या पॅरिसच्या सालोंने, म्हणजे तिथल्या अधिकृत कलाप्रदर्शनाने, ते चित्र नाकारलं. आज ते पॅरिसच्याच ओर्से संग्रहालयात आहे. 1905 च्या पत्रात मोनेने आपले रंग सांगितले: लेड व्हाइट, कॅडमियम पिवळा, व्हर्मिलियन (शेंदरी), गडद मॅडर (गर्द लाल), कोबाल्ट निळा, व्हिरिडियन (निळसर हिरवा). काळा नाही. (लेड व्हाइट विषारी आहे, टायटॅनियम व्हाइट वापरा.)

गडद हवा असेल तर मी अल्ट्रामरीन (गडद निळा) तीन भाग आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) एक भाग घेते. गवतावरच्या सावलीला व्हिरिडियन, कोबाल्ट आणि मॅडरचा ठिपका. पण म्हणून सगळ्या सावल्या एकाच जांभळ्याने भरू नका. नांगरलेल्या मातीवरची सावली तपकिरीकडे झुकते, गवतावरची हिरव्याकडे.

दुसरी चूक उजेडामागे धावण्याची. सूर्य तासाला 15 अंश सरकतो. दहाला बसलेला माणूस बाराला झाडाची सावली 'सुधारतो', गंजीची तशीच राहते, आणि चित्रात दोन सूर्य येतात. पहिल्या दहा मिनिटांत सावल्यांच्या कडा पातळ अल्ट्रामरीनने आखा, मग त्या हलवायच्या नाहीत. पाऊण तासाने थांबा, उद्या त्याच वेळी या. हे सगळ्यांना कंटाळवाणं वाटतं, पण दुसरा मार्ग नाही. मोनेने जिव्हेर्नी या आपल्या गावी 1890-91 मध्ये गव्हाच्या गंज्यांची सुमारे 25 चित्रं केली, आणि उजेड बदलला की कॅनव्हास बदलला. गंजी तीच, पण संध्याकाळची वेगळी, बर्फातली वेगळी. चित्राचा भाव विषयातून नाही, त्या वेळेतून येतो.

ऋतू उलटला तर काय होतं, तेही त्याच्याच बाबतीत बघा. 1889 च्या मेमध्ये फ्रान्समधल्या क्रूझ नदीच्या खोऱ्यात त्याच्या चित्रातला हिवाळी ओक पानांनी भरून गेला. मालकाला 50 फ्रँक देऊ करायचं त्याने ठरवलं, परवानगी मिळाली, दरीत लांब शिड्या उतरवल्या आणि दोन माणसांकडून पानं काढून घेतली. तुमच्याआमच्याकडे तेवढी सोय नसते. चित्र त्याच हंगामात संपवा.

बाकीच्या चुका थोडक्यात.

ट्यूबमधला हिरवा तसाच लावू नका, लालाचा ठिपका द्या.

उजेडासाठी नुसता पांढरा घातला तर ऊन खडूसारखं दिसतं. त्यात आधी कॅडमियम पिवळा मिसळा.

फटकारा मारला की सोडा. पुन्हा घोटलात तर शेजारचे रंग एकमेकांत जाऊन राखाडी होतात. आठ नंबरचा चपटा ब्रश घ्या, बारीक ब्रश घरीच ठेवा.

आणि कॅनव्हास थेट उन्हात ठेवून रंगवू नका: तिथे रंग उजळ भासतात, घरी आणलं की चित्र काळवंडलेलं निघतं. छत्री लावा, किंवा कॅनव्हासच्या पाठीमागून ऊन येईल असा स्टँड फिरवा.