दम्याचा पंप नीट कसा ओढावा
खानापूर-जांबोटीच्या पावसाळी ओलीत किंवा निपाणीकडे तंबाखूच्या धुळीत ज्यांचा दमा उसळतो, त्यांना डॉक्टर पंप (इनहेलर) देतात. पण चुकीच्या पद्धतीने ओढल्यास बरेचसे औषध घशातच राहते. पंप हलवून, श्वास पूर्ण सोडून, पंपाची तोंडी (तोंडात धरायचा भाग) ओठांत घट्ट धरावी. सावकाश श्वास घेऊ लागतानाच एकदा दाबावे आणि जमेल तितका, साधारण 10 सेकंद, श्वास रोखावा. स्टिरॉइडच्या पंपानंतर चूळ भरून थुंकावी, कारण तोंडात बुरशी होऊ शकते. वयस्करांना दाबणे आणि ओढणे एकदम साधत नसेल, तर स्पेसर (पंप आणि तोंड यांच्यामध्ये लावायची पोकळ नळी) लावावा. खरे तर तो सर्वांच्याच सोयीचा आहे. बरे वाटले म्हणून रोजचा पंप परस्पर बंद करू नये. धाप लागल्यावर लगेच आराम देणाऱ्या पंपानेही धाप थांबत नसेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर बेळगावच्या ओळखीच्या डॉक्टरांची वाट न पाहता 108 ला फोन करावा.