डी ड्राइव्ह गायब झाला? आधी कॉपी, मग दुरुस्ती

जळगावला गोलाणी मार्केटात कॉम्प्युटर दुरुस्ती करतो, म्हणून कळकळीने सांगतो. विंडोज आणि लिनक्स दोन्ही असलेल्या मशीनवरचं पार्टिशन, म्हणजे डी ड्राइव्हसारखा डिस्कचा वेगळा पाडलेला भाग, उडालं, तर त्या डिस्कवर काहीही लिहू देऊ नका. ‘फॉरमॅट करायचं का?’ असं विचारलं तर नाही म्हणा. डिस्क नव्याने मांडणारं इनिशियलाइज नको, चुका दुरुस्त करायला जाणारं चेकडिस्क नको. मशीन बंद करा.

पार्टिशन टेबल म्हणजे डिस्कचा सातबारा. उतारा फाटला म्हणून शेत कुठे जात नाही. मात्र त्यावर कुणी नव्याने नांगर घातला तर बांध राहत नाहीत.

केळीची कापणी जोरात असताना रावेरचा एक लॅपटॉप आला होता. डिस्क जुन्या एमबीआर पद्धतीच्या पार्टिशन टेबलची. तिच्यात मुख्य पार्टिशनला चारच जागा असतात, म्हणून डी ड्राइव्ह आणि उबुंटू (लिनक्सचाच एक प्रकार) दोन्ही एका एक्स्टेंडेडच्या, म्हणजे आत आणखी पार्टिशनं मावणाऱ्या पार्टिशनच्या, पोटात बसवलेले. पोराने उबुंटू काढायला म्हणून अख्खं एक्स्टेंडेडच उडवलं. डीमध्ये वडिलांची गाड्यांची बिलं, आणि स्क्रीनवर नुसतं ‘ग्रब रेस्क्यू’, म्हणजे विंडोज की लिनक्स ते विचारणारा ग्रब अडकलेला.

अशा वेळी दुसऱ्या मशीनवर सिस्टमरेस्क्यूचा (पेनड्राइव्हवरून चालणारं दुरुस्तीचं लिनक्स) पेनड्राइव्ह बनवा आणि त्यावरून लॅपटॉप सुरू करा. डिस्क टकटक वाजत असेल तर आधी त्यातल्याच डीडीरेस्क्यू या कॉपीच्या प्रोग्रामने तिची पूर्ण प्रत घ्या आणि पुढचं सगळं त्या प्रतीवर करा. नाहीतर रिकामी बाहेरची डिस्क जोडून माउंट करा (म्हणजे तिच्यावर फायली लिहिता येतील), टर्मिनलमध्ये हरवलेली पार्टिशनं शोधणारा टेस्टडिस्क चालवा. डिस्क निवडताना नाव नको, साइज बघा. बाहेरची डिस्कही त्याच यादीत असते. मग टेबलचा प्रकार निवडा: जुन्या एमबीआरला ‘इंटेल’, नव्या मशीनला बहुधा ‘ईएफआय जीपीटी’. मग अ‍ॅनालाइज, क्विक सर्च.

आता घाई करायची नाही. सापडलेल्या एकेका ओळीवर जाऊन पी दाबा. फायलींची नावं नीट दिसली तर ते पार्टिशन खरं. रावेरच्या त्या लॅपटॉपवर बिलांचे फोल्डर महिन्यावार दिसले, तेव्हा कुठे वडिलांचा चेहरा सैल झाला. त्याच पडद्यावर ए ने सगळं निवडता येतं आणि कॅपिटल सी ने बाहेरच्या डिस्कवर कॉपी होतं. मी टेबलला हात लावायच्या आधी हे करतोच.

क्विक सर्चला काही सापडलं नाही तर डीपर सर्च. मोठ्या डिस्कला तास लागतात, तेव्हा चार्जर जोडलेला ठेवा. डेस्कटॉप असेल तर इन्व्हर्टरवर घ्या, आपल्याकडे लाइटचा भरवसा नाही. यात कधीकाळी पुसलेली जुनी पार्टिशनंही वर येतात. एकमेकांवर चढणारी दोन घेतली की खाली ‘स्ट्रक्चर: बॅड’ येतं. बरोबर असलेलीच ठेवा. अशा एमबीआर डिस्कवर डावी-उजवी बाण-कळ दाबून डीचं एल (लॉजिकल, म्हणजे एक्स्टेंडेडच्या आतलं) करा, विंडोजच्या बूट पार्टिशनला तारा (*) द्या. ‘स्ट्रक्चर: ओके’ दिसलं की एंटर, राइट, वाय, रीबूट.

एसएसडीवर क्विक फॉरमॅट झालेला असेल तर ट्रिममुळे, म्हणजे रिकामी ठरलेली जागा एसएसडी स्वतःच पुसून टाकते त्यामुळे, डेटा बहुतेक गेलेलाच असतो. गिऱ्हाइकाला हे आधीच स्पष्ट सांगतो.

पार्टिशन परत आल्यावरही बूट मेनू दिसला नाही तर उबुंटूच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून ग्रब पुन्हा बसवा. एमबीआर असेल तर तो डिस्कवर बसवायचा, पार्टिशनवर नाही.